प्रिंट सर्व्हर वाढवण्याआधी विचारा: कागद निघाला नाही तर काय अडतं?

भाऊ, तुमची परिस्थिती मला समजली तशी आधी मांडतो, म्हणजे कुठे चूक असेल तर लगेच लक्षात येईल. मुख्य कार्यालय सीताबर्डीवर, गोदाम वाडीला, पॅकिंगचं युनिट बुटीबोरी एमआयडीसीत. चार वर्षांपूर्वी १२ प्रिंटर होते, आज ७४ आहेत, आणि दिवाळीनंतर कळमेश्वरच्या नव्या गोदामात आणखी १५-२० लागतील. सगळे एकाच विंडोज सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांची छपाई वाटून देणाऱ्या एकाच संगणकावर. एरवी ठीक चालतं, पण महिन्याच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत संध्याकाळी छपाई बसते. स्पूलर (छपाईची कामं रांगेत लावणारी विंडोजची सेवा) बंद करून चालू केला की तासभर निघतं, पुन्हा बसते. पुरवठादार म्हणतो दुप्पट रॅमचा सर्व्हर घ्या. तुम्ही विचारताय की एका सर्व्हरवर किती प्रिंटर चालतात, एक मोठा घ्यावा की दोन घ्यावे, आणि वाडीला वेगळा लागेल का.

मी नागपूर आणि आसपासच्या गोदामांत, कारखान्यांत हेच काम २२ वर्षं करतोय. किती प्रिंटर चालतात याचा एक ठरलेला आकडा नाही. १५० क्यू (क्यू म्हणजे एका प्रिंटरच्या कामांची रांग) बिनबोभाट चालवणारा साधा सर्व्हर मी सांभाळला आहे आणि २० क्यूंवर दर आठवड्याला कोलमडणाराही पाहिला आहे. फरक पडला तो दोन गोष्टींनी: त्यावर किती जातींचे ड्रायव्हर (मजकूर प्रिंटरला समजेल अशा भाषेत बदलणारे प्रोग्राम) भरले होते, आणि एक क्यू बसली की तिच्यासोबत आणखी काय काय बसत होतं.

स्पूलर आतून कसा आहे ते आधी डोळ्यांसमोर आणा. विंडोजमध्ये स्पूलर ही एकच सेवा असते. ७४ क्यू म्हणजे ७४ खिडक्या वाटतात, पण सगळ्या खिडक्यांमागे बाबू एकच बसलेला आहे. प्रिंटर कंपनीचा ड्रायव्हर वेगळं ठेवल्याशिवाय त्याच बाबूच्या टेबलावर काम करतो. ड्रायव्हरने गोंधळ घातला की बाबूच उठून जातो आणि सगळ्या खिडक्या एकदम बंद होतात. मोठा सर्व्हर घेतलात तर टेबल मोठं होईल, बाबू एकच राहील. म्हणून पुरवठादाराच्या सल्ल्यावर आत्ता पैसे घालू नका.

हे मी फार महागात शिकलो. एका वितरकाकडे दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात लेखा विभागात नवा कॉपियर आला. बसवणाऱ्याने सोबत आलेला ड्रायव्हर सरळ सर्व्हरवर टाकला. संध्याकाळी सहाला कोणीतरी मोठा अहवाल दोन्ही बाजूंनी छापायला दिला आणि स्पूलर पडला. आपोआप उठला, तीच अडकलेली फाईल पुन्हा उचलली, पुन्हा पडला. तिकडे त्याच्या वाडीतल्या गोदामात नऊ गाड्या भरून उभ्या. बिल निघत नाही, बिल्टी निघत नाही, हमाल बसून, चालक फोनवर फोन करतायत. रात्री साडेदहाला मी स्पूलच्या, म्हणजे छपाईच्या फाईली साठवणाऱ्या, फोल्डरमधून ती एक फाईल हाताने काढली तेव्हा गाड्या हलल्या. लेखा विभागातल्या एका अहवालाचा वाडीतल्या गाड्यांशी काही संबंध असायला नको होता. दोघांना एका स्पूलरवर बांधून तो संबंध मीच तयार केला होता.

तेव्हापासून कुठल्याही प्रिंटरबद्दल मी पहिला प्रश्न हाच विचारतो की यातून कागद निघाला नाही तर काय अडतं. उत्तरं तीनच प्रकारची येतात. पहिलं, गाडी अडते: बिल, गेटपास, पिकिंग स्लिप (कोणता माल काढायचा त्याची यादी), खोक्यावरचं लेबल. दुसरं, माणूस अडतो: कार्यालयातली रोजची पत्रं, कोटेशन, खरेदी आदेश. तिसरं, आज नाही निघालं तर उद्या चालेल: खातेउतारे, पगारपत्रकं, महिनाअखेरीचे जाडजूड अहवाल. सर्व्हरची विभागणी या तीन उत्तरांवर करा, असं माझं ठाम मत आहे.

बहुतेक लोक विभागणी इमारतीप्रमाणे करतात: सीताबर्डीचा एक सर्व्हर, वाडीचा एक, बुटीबोरीचा एक. कागदावर ते नीटनेटकं दिसतं. पण वाडीच्या सर्व्हरवर तिथल्या व्यवस्थापकाचा रंगीत प्रिंटर आणि डिस्पॅचचं बिल पुन्हा एकत्रच आलं, म्हणजे माझी दिवाळीची रात्र तीन ठिकाणी घडू शकते. सॅप हे मोठं ईआरपी (खरेदी, साठा, बिलं, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या कंपन्यांत याची सोय सिस्टीममध्येच केलेली असते. तिथे स्पूल सर्व्हरला आणि प्रिंटरला वर्ग देता येतात: उत्पादनाची छपाई, मोठ्या प्रमाणावरची छपाई, टेबलावरची छपाई, चाचणीची छपाई. प्रिंटर भलत्या वर्गाच्या सर्व्हरला जोडायला गेलात तर इशारा मिळतो. शिवाय प्रिंटर खऱ्या सर्व्हरऐवजी एका तार्किक सर्व्हरच्या नावाशी जोडता येतो, आणि त्या नावामागचा खरा सर्व्हर हवा तेव्हा बदलता येतो. तुमचं ईआरपी लहान असलं तरी या दोन्ही कल्पना तुम्हाला जशाच्या तशा उचलता येतील. त्या कशा, ते पुढे येईलच.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुमच्याकडची छपाई नेमकी कुठून सुटते, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि निम्मं उत्तर त्यावर ठरतं. टॅलीसारखं सॉफ्टवेअर माणसाच्या पीसीवर चालत असेल तर छपाई पीसीवरून सर्व्हरच्या क्यूत जाते आणि पानाची आखणी बहुधा पीसीवरच होते. ईआरपीची सेवा स्वतःच बिलं सोडत असेल तर आखणी ईआरपीच्या यंत्रावर होते, आणि तिथला ड्रायव्हर बिघडला तर ईआरपीच अडखळतं. लोक रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे दुरून सर्व्हरच्याच पडद्यावर, येऊन काम करत असतील तर प्रत्येकाच्या सत्रासोबत त्याचे प्रिंटर नव्याने जोडले जातात आणि सुटतात. सकाळी दहाला ४० माणसं एकदम आत आली की तो भार वेगळाच असतो. आणि ईआरपी क्लाऊडवर असेल तर तुमच्या आवारात छपाई उतरवून घेणारा एखादा छोटा प्रोग्राम (एजंट) चालत असेल. मग तो ज्या पीसीवर बसलाय तो पीसी म्हणजेच तुमचा खरा प्रिंट सर्व्हर, आणि असा पीसी बहुतेक वेळा कोणाच्या तरी टेबलाखाली, यूपीएसविना असतो. एका कागदावर प्रत्येक महत्त्वाच्या दस्तऐवजाचा मार्ग काढा: कुठे जन्मतो, कोणत्या यंत्रांतून जातो, कुठल्या प्रिंटरवर उतरतो. एवढ्या एका कामात मला बऱ्याचदा निम्मे दोष सापडले आहेत.

दुसरं काम मोजणीचं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रिंट सर्व्हिसची एक 'ऑपरेशनल' नोंदवही असते, ती मुळात बंद असते. ती चालू करा आणि तिचा आकार वाढवून ठेवा. छापल्या गेलेल्या प्रत्येक दस्तऐवजाची तिथे ३०७ क्रमांकाची नोंद पडते: कोणी, कोणत्या क्यूवर, किती पानं, किती बाइट, किती वाजता. एक महिनाअखेर त्यात सापडू द्या. मग क्यूप्रमाणे आणि तासाप्रमाणे बेरीज करा. दिवसाची सरासरी काढू नका, ती फसवते. सगळ्यात वाईट तास शोधा.

त्या तासाचा हिशेब कसा करायचा ते सांगतो. समजा संध्याकाळी पाच ते सहामध्ये वाडीत ४०० बिलं निघतात. प्रत्येक बिल दोन पानांचं, तीन प्रती. म्हणजे २,४०० पानं. मिनिटाला ४० पानं काढणारा लेझर प्रिंटर अखंड चालला तरी यालाच बरोबर ६० मिनिटं लागतात, आणि कागद भरणं, टोनर हलवणं, अडकलेलं पान काढणं यात तो अखंड चालत नाही. सर्व्हर कितीही ताकदीचा आणा, तो प्रिंटर मिनिटाला ४१ वं पान देणार नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र क्यूत १५० कामं साचलेली दिसतात आणि सर्व्हर हळू झाला असं वाटतं. अशा ठिकाणी एकाच मॉडेलचे दोन प्रिंटर शेजारी-शेजारी ठेवून एका क्यूला दोन पोर्ट (प्रिंटरकडे जाणारे दोन मार्ग) लावा. यालाच प्रिंटर पूल म्हणतात. जो मोकळा असेल त्यावर पुढचं काम जातं. मॉडेल सारखंच हवं, कारण ड्रायव्हर एकच असतो. आणि जागा शेजारीच हवी, कारण कागद कुठून निघेल हे आधी सांगता येत नाही. बिलं क्रमानेच निघायला हवीत असा तुमच्या गोदामाचा आग्रह असेल तर पूल वापरू नका. दोन वेगळ्या क्यू करून मार्गांप्रमाणे बिलं वाटा.

पण त्याही आधी विचारा, एवढं छापायला हवंच का? मालाच्या करबिलाच्या तीन प्रती काढायच्या हा जीएसटीच्या ४८ व्या नियमातला भाग: ग्राहकाची, वाहतूकदाराची, आपली. मात्र त्याच नियमात ई-इन्व्हॉइसला (सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलाला) तीन प्रतींचं हे बंधन लागू नाही असंही म्हटलं आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना व्यवसायांमधल्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस लागतो. तुमच्याकडे दोन गोदामं आणि पॅकिंगचं युनिट होणार म्हणजे तुम्ही त्यात बसत असणार. तरीही ईआरपीत कधीतरी 'प्रती: ३' असं टाकलेलं तसंच राहिलेलं असतं. तुमच्या सीएंशी बोला, वाहतूकदाराला आणि ग्राहकाला खरोखर काय लागतं ते विचारा. तीनाच्या दोन प्रती झाल्या तरी वरच्या हिशेबातली ८०० पानं त्या एका तासातून गेली, तीही फुकट. कुठलाही सर्व्हर हे करू शकत नाही.

आता विभागणी प्रत्यक्षात. तुमच्याकडे व्हर्च्युअल मशीनची (एकाच यंत्रावर चालणाऱ्या आभासी संगणकांची) सोय असेलच. तीन लहान मशीन करा. मी प्रत्येकी २ व्हर्च्युअल कोर आणि ८ जीबी रॅमने सुरुवात करतो आणि मोजून वाढवतो. आजवर वाढवायची वेळ क्वचित आली. एक 'गाडी'साठी, एक 'माणसा'साठी, एक 'उद्या चालेल'साठी. गाडीच्या मशीनवर एक कडक नियम: तिथे फक्त दोन किंवा तीन ड्रायव्हर असतील, आणि नवा ड्रायव्हर आला तर आधी तिसऱ्या मशीनवर एक महिनाअखेर काढेल, मगच इकडे. कोणीही साहेब आपला रंगीत प्रिंटर त्या मशीनवर टाका म्हणाले तरी नाही म्हणायचं. हे नाही म्हणण्याचं बळ मालकांकडून आधीच लेखी घेऊन ठेवा. मला एका ठिकाणी ते नव्हतं आणि सहा महिन्यांत ते मशीन पुन्हा धर्मशाळा झालं होतं.

स्पूलचं फोल्डर सिस्टीम ड्राइव्हवर असतं, ते वेगळ्या डिस्कवर न्या. प्रिंट सर्व्हरच्या गुणधर्मांमध्ये तो पर्याय आहे. चार-पाच एमबीची पीडीएफ प्रिंटरच्या भाषेत उलगडली की शेकडो एमबी होऊ शकते, आणि महिनाअखेरीला अशा फाईली एकदम येतात. सिस्टीमचा ड्राइव्ह भरला तर नुसती छपाई नाही, सर्व्हरच बसतो. तुमची 'स्पूलर चालू केला की तासभर निघतं' ही खूण मला याकडेही बोट दाखवते. पुढच्या वेळी बसेल तेव्हा रीस्टार्टच्या आधी दोन मिनिटं थांबून डिस्कमधली मोकळी जागा आणि स्पूलच्या फोल्डरमधली सर्वांत मोठी फाईल पाहा.

ड्रायव्हरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला आहे. विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून ड्रायव्हर स्पूलरच्या बाहेर, वेगळ्या प्रक्रियेत चालवण्याची सोय आहे. विंडोजच्या प्रिंट मॅनेजमेंट या साधनात ड्रायव्हरवर उजवी क्लिक करून तो वेगळा ठेवता येतो. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या त्या गोंधळी माणसाला बाबूच्या टेबलावरून उठवून शेजारच्या खोलीत बसवायचं. तो पडला तर त्याचीच खिडकी बंद होते. संशय असलेला प्रत्येक ड्रायव्हर असा वेगळा ठेवा. एकाच कंपनीचे दहा मॉडेल असतील तर दहा ड्रायव्हर न भरता त्या कंपनीचा युनिव्हर्सल ड्रायव्हर एकच घ्या.

लेबलचे प्रिंटर मात्र या सगळ्यातून बाहेर काढा. २०३ डीपीआयवर (इंचाला २०३ ठिपके) चार बाय सहा इंचांचं लेबल चित्र म्हणून पाठवलं तर ते ८१२ गुणिले १,२१८ ठिपक्यांचं होतं, म्हणजे साधारण १२० केबी. तेच लेबल प्रिंटरच्या स्वतःच्या भाषेत, झेडपीएलसारख्या, मजकूर म्हणून पाठवलं तर एखाद-दोन केबीत मावतं. बुटीबोरीत पॅकिंगच्या पट्ट्यावर खोकी सरकत असताना हा फरक डोळ्यांना दिसतो. ईआरपीकडून तसा मजकूर थेट प्रिंटरच्या ९१०० क्रमांकाच्या नेटवर्क पोर्टवर किंवा नुसत्या टेक्स्टच्या ड्रायव्हरमधून पाठवा. ड्रायव्हरच नाही म्हटल्यावर पडणार काय? डॉट मॅट्रिक्सवर कार्बनची बिल्टी अजून छापत असाल तर तिथेही हेच लागू आहे.

वाडीबद्दल तुम्ही विचारलंय की तिथे वेगळा सर्व्हर लागेल का. पीसीवरून होणारी छपाई वाडीतून सीताबर्डीला येऊन परत वाडीच्या प्रिंटरवर जाते. ४० एमबीची स्पूल फाईल १० एमबीपीएसच्या लाइनवरून जायला ३२ सेकंद, यायला पुन्हा तेवढाच भार, आणि त्याच लाइनवर ईआरपीही चालतंय. यासाठी विंडोज सर्व्हर २०१२ पासून 'ब्रँच ऑफिस डायरेक्ट प्रिंटिंग' आहे. क्यू सर्व्हरवरच राहते, ड्रायव्हर आणि अधिकार तिथूनच येतात, पण छापायचा मजकूर पीसीवरून सरळ शेजारच्या प्रिंटरला जातो. लाइन तुटली तरी तो पीसी छापत राहतो. कार्यालयीन प्रिंटरसाठी हे उत्तम आहे. डिस्पॅचची बिलं ईआरपीच्या सर्व्हरवरून सुटत असतील तर त्यांना त्याचा उपयोग नाही, कारण ती लाइन एकदाच ओलांडतात. लाइन तुटली तर बिल तयारच होणार नाही, मग जवळचा प्रिंट सर्व्हर काय छापणार? म्हणून वाडीत सर्व्हर नको. बुटीबोरीत लेबलचं सॉफ्टवेअर तिथल्याच पीसीवर चालत असेल तर मात्र तिथे एक लहान सर्व्हर ठेवायला हरकत नाही, कारण लाइन नसतानाही पॅकिंग चालू राहू शकतं.

नावांचा विषय लोक शेवटी घेतात, मी आधी घेतो. '३ ऱ्या मजल्यावरचा जुना' किंवा कोणा कर्मचाऱ्याच्या नावाचा प्रिंटर चार वर्षांनी कोणालाच सापडत नाही. क्यूचं नाव जागा, काम आणि क्रमांक यांवरून ठेवा: वाडी, बिल, ०१. मॉडेलचं नाव त्यात घालू नका, कारण यंत्र बदलतं, जागा आणि काम राहतं. तेच नाव मोठ्या अक्षरांत यंत्रावर चिकटवा, खाली कोणाला फोन करायचा ते मराठीत लिहा. रात्री नऊला गोदामातला सुपरवायझर फोनवर 'वाडी बिल शून्य एक' म्हणाला की मला घरून कळायला हवं की कुठलं यंत्र. आणि ईआरपीत सर्व्हरचं खरं नाव कुठेही लिहू नका. डीएनएसमध्ये (नेटवर्कवरची नावं आणि पत्ते जुळवणाऱ्या सेवेत) तीन कामांची तीन टोपणनावं करा आणि सगळीकडे तीच वापरा. सॅपमधल्या तार्किक सर्व्हरचं हे घरगुती रूप. विंडोज टोपणनावाने आलेली छपाई मुळात स्वीकारत नाही, त्यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात) काही नोंदी कराव्या लागतात. त्या करून, यंत्र रीस्टार्ट करून, कामाच्या दिवसाआधी तपासा.

पर्यायी सर्व्हरचं काय? स्पूलर क्लस्टरमध्ये (एक पडला की दुसरा काम उचलेल अशा सर्व्हरच्या जोडीत) बसवण्याची जुनी पद्धत विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये काढून टाकली गेली. आता अख्खं व्हर्च्युअल मशीन एका यंत्रावरून दुसऱ्यावर उचलणं हाच रस्ता आहे. तशी सोय नसेल तर प्रिंट मॅनेजमेंटमधून सगळ्या क्यू, पोर्ट आणि ड्रायव्हर एका फाईलमध्ये निर्यात करून दुसऱ्या भौतिक यंत्रावरच्या मशीनमध्ये आयात करून ठेवा, आणि गरज पडली तर टोपणनाव तिकडे वळवा. निर्यात दर महिन्याला करा. तीन मिनिटांचं काम आहे.

इथे एक धोका आहे जो मी स्वतः भोगला आहे, आणि तो तुम्हाला नक्की सांगायचा आहे. एका गोदामात जुना सर्व्हर अडकला, आम्ही छपाई दुसऱ्यावर वळवली, लोकांनी पिकिंग स्लिप पुन्हा छापल्या, माल निघाला. तासाभराने कोणीतरी जुना सर्व्हर सुरू केला आणि त्याच्या क्यूत अडकलेल्या ६०-७० स्लिपा भराभर बाहेर आल्या. पोरांनी त्या नव्या समजून मालही पुन्हा काढला. दुप्पट माल गाड्यांमध्ये चढल्याचं गेटवरच्या माणसाच्या लक्षात आलं म्हणून वाचलो. तेव्हापासून माझा नियम: छपाई वळवायची तर आधी जुन्या सर्व्हरची नेटवर्क केबल काढायची आणि त्याची क्यू रिकामी केल्याशिवाय ती परत लावायची नाही. आणि ईआरपीवाल्यांकडून एवढं करून घ्या की दुसऱ्यांदा छापलेल्या प्रत्येक स्लिपवर आणि बिलावर 'पुनर्मुद्रण' असं ठळक येईल. कागद येत नाही म्हटल्यावर माणूस बटण चार वेळा दाबणारच, त्याच्यावर चिडून उपयोग नाही.

सुरक्षेचं थोडक्यात. जुलै २०२१ मध्ये स्पूलरमधली 'प्रिंटनाइटमेअर' नावाने ओळखली जाणारी त्रुटी उघड झाली, आणि त्याच ऑगस्टच्या अपडेटपासून सर्व्हरवरून ड्रायव्हर उतरवून घ्यायला प्रशासकाचे अधिकार लागू लागले. अनेकांनी कटकट नको म्हणून रजिस्ट्रीत हा बदल उलटा फिरवला. तुमच्याकडे तसं असेल तर पुन्हा सुरळीत करा, आणि ड्रायव्हर पीसीवर आधीच पोचवून ठेवा. डोमेन कंट्रोलरवर (सगळ्यांचं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर) स्पूलर बंदच असायला हवा. तुमचा सध्याचा प्रिंट सर्व्हर तोच असेल तर विभागणीची सुरुवात तिथूनच करा. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रिंटर कंपन्यांच्या स्वतंत्र ड्रायव्हरचा आधार टप्प्याटप्प्याने काढून घेणार असल्याचं जाहीर केलं आहे, म्हणून कळमेश्वरसाठी नवे लेझर प्रिंटर घेताना ते आयपीपीवर (कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय छापण्याच्या सामायिक पद्धतीवर), मोप्रिया या प्रिंटर कंपन्यांच्या संघटनेच्या प्रमाणपत्रासह चालतात का ते दुकानात उभे असतानाच विचारा.

काही बारीक गोष्टी, ज्यांनी माझ्या रात्री खाल्ल्या. प्रिंटरचा पोर्ट साधा टीसीपी-आयपी ठेवा, विंडोज आपोआप जो डब्ल्यूएसडी पोर्ट करतं तो नको. प्रिंटर चालू असून 'ऑफलाइन' दिसत असेल तर पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपीची (प्रिंटरची स्थिती विचारण्याच्या पद्धतीची) खूण काढून पाहा. आयपी पत्ते डीएचसीपीत (नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेत) राखून ठेवा. लेझर प्रिंटर लहान यूपीएसवर लावू नका, त्याचा तापणारा भाग एकदम इतका करंट खेचतो की यूपीएसच बंद पडतो; पण गोदामातला नेटवर्क स्विच यूपीएसवर असायलाच हवा, आणि तोच नेमका विसरलेला असतो.

आणि लेबलचा कागद. साधं डायरेक्ट थर्मल लेबल उष्णतेनेच काळं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या गोदामात आणि ताडपत्रीखालच्या गाडीत त्याहून जास्त. लेबल राखाडी पडलं की पुढच्या गोदामाचा स्कॅनर बारकोड वाचत नाही, आणि तक्रार प्रिंटरची येते. मार्च ते जून रिबन वापरणारं थर्मल ट्रान्सफर लेबल घ्या. खर्च वाढतो, पण परत आलेल्या खोक्यांपेक्षा कमी.

या शनिवारी तीनच कामं करा: ऑपरेशनल नोंदवही चालू करा, स्पूलचं फोल्डर वेगळ्या डिस्कवर हलवा, आणि सर्व्हरवर किती जातींचे ड्रायव्हर आहेत ते मोजा. कळमेश्वरचे प्रिंटर सध्याच्या सर्व्हरवर टाकू नका, ते थेट नव्या विभागणीतच येऊ द्या. महिनाअखेर गेली की वाईट तासाचे आकडे आणि ड्रायव्हरची यादी इथे लिहा. कोणती क्यू कुठल्या मशीनवर जावी ते मग आपण एकेक करून पाहू.